बँकॉकमध्ये एकच मोठं जेवण करायचं, तर कुठे?

चांदणीचौक

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही दोघं बँकॉकला चाललो आहोत. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. मंदिरं, नदी, चातुचाकचा बाजार हे सगळं ठरलंय. एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवली आहे. चांगले कपडे घालून, घड्याळाकडे न बघता दोन-तीन तास बसून जेवायचं, एवढीच इच्छा.

नेटवर शोधलं की तीच ती यादी पुढे येते आणि सगळीकडे 'अविस्मरणीय' एवढंच लिहिलेलं असतं. मी सगळं खातो. बायको शाकाहारी आहे, अंडं चालतं. दोघांचं मिळून पस्तीस हजार रुपयांपर्यंत खर्चायची तयारी आहे. गाड्यांवरचं खाणं बाकीच्या दिवशी भरपूर होणार आहे, तेव्हा कृपया या एका संध्याकाळीपुरतं सांगा. कुठे गेलात, काय खाल्लंत आणि तेच का निवडलंत?

निळीनदी

अभिनंदन! असं निमित्त असेल तर मी उंचावरची जागा सुचवेन. सफान ताक्सिन स्टेशनाजवळच्या स्टेट टॉवरवर ६५व्या मजल्यावर मेझालुना आहे आणि त्याच इमारतीत उघड्या गच्चीवरचं सिरोको. चाओ फ्रायाचं वळण, नदीवरच्या होड्यांचे दिवे, सगळं खाली पसरलेलं दिसतं. पुरुषांना हाफ पँट आणि साध्या चपला चालत नाहीत. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा.

सोईकर

चांदणीचौक, तुम्हा दोघांना शुभेच्छा. मी बरीच वर्षं याच शहरात राहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

निळीनदी म्हणतात ते दृश्य खरंच सुंदर आहे. पण त्यासाठी एक पेय घेऊन तासभर उभं राहिलं तरी पुरतं. जेवणाचे पैसे जेवणावरच जावेत असं मला वाटतं. आणि बँकॉकमध्ये एकच मोठं जेवण करायचं असेल, तर ते याच मातीतलं असावं. इथे फ्रेंच आणि जर्मनही उत्तम मिळतं. मँडरिन ओरिएंटल हॉटेलातलं ल नॉर्मंडी १९५८ पासून चालू आहे. झ्यूरिंग हे जुळ्या जर्मन भावांचं रेस्तराँ एका जुन्या बंगल्यात आहे आणि त्यांचं नाव जगभर झालंय. पण चांगलं फ्रेंच जेवण पॅरिसलाही मिळेल. थाई स्वयंपाक या उंचीवर फक्त इथेच.

आणि ही उंची फार जुनी नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे 'मोठ्या जागी जेवायला जाऊ' म्हटलं की लोक हॉटेलातल्या युरोपियन रेस्तराँमध्ये जात. थाई जेवण घरी किंवा रस्त्यावर, त्याला पांढरा टेबलक्लॉथ कशाला, अशी समजूत. ती मोडायला दोन जागा कारणीभूत झाल्या. २००९ मध्ये बो सोंगविसावा आणि डिलन जोन्स या जोडप्याने बो.लान हे रेस्तराँ काढलं आणि २०१० मध्ये डेव्हिड थॉमसन या ऑस्ट्रेलियन शेफने 'नाम' नावाचं रेस्तराँ सुरू केलं. तिघांचा धागा एकच. थॉमसनचं लंडनमध्ये आधीचं नाम होतं, मिशेलिन या रेस्तराँ निवडणाऱ्या गाइडचा तारा मिळवलेलं, आणि बो व डिलन दोघांनी तिथेच काम केलेलं.

थॉमसनने पाककृती कुठून मिळवल्या हे मला सगळ्यात भावतं. थायलंडमध्ये कोणी गेलं की अंत्यसंस्काराला येणाऱ्यांना त्या व्यक्तीच्या आठवणींचं छोटं पुस्तक द्यायची पद्धत आहे. जुन्या खानदानी घरांतल्या बायकांच्या अशा पुस्तकांत त्यांच्या हातच्या पदार्थांच्या कृती छापलेल्या असत. थॉमसनने ही पुस्तकं जमवली, वाचली आणि विस्मरणात गेलेले पदार्थ पुन्हा शिजवले. आज सामरूब सामरूब थाई या रेस्तराँत शेफ प्रिन पोल्सुक हेच काम करतात. तेही नाममधूनच आलेले. जुन्या पुस्तकांवरून जेवण बांधतात आणि ठरावीक काळाने अख्खा मेनू बदलतात. तिथे ओट्यासमोर बसून जेवताना पदार्थ कुठल्या भागातला, कुठल्या घरातला हे कळत जातं.

नामला २०१४ मध्ये आशियातल्या सर्वोत्तम ५० रेस्तराँच्या यादीत पहिला नंबर मिळाला. २०१८ मध्ये थॉमसन तिथून बाहेर पडले आणि पिम टेचामुआनविवित यांनी सूत्रं घेतली. आता थॉमसनचं अक्सोर्न हे चारोएन क्रुंग रस्त्यावर आहे. बो.लान मात्र २०२१ मध्ये बंद झालं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शाकाहाराबद्दल वेगळं लिहितो. तो प्रश्न इथे खरोखर नीट हाताळावा लागतो.

कोकमसरबत

सोईकर, सामरूबबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. मी सोर्नबद्दल लिहिते. चांदणीचौक, तुमच्या पत्नीसाठी ही जागा नाही हे आधीच सांगते. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांना उपयोग होईल.

सोर्न हे दक्षिण थायलंडच्या स्वयंपाकाचं घर. शेफ सुपाक्सोर्न जोंगसिरी, सगळे त्यांना 'आइस' म्हणतात. २०१८ मध्ये उघडलं, सुखुमवित रस्त्याच्या २६ नंबरच्या सोईत, म्हणजे गल्लीत. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांना मिशेलिनचे तीन तारे मिळाले. थायलंडमध्ये तीन तारे मिळवणारं ते पहिलंच रेस्तराँ, आणि थाई जेवण देणारं जगातलंही पहिलंच. साहित्य दक्षिणेकडच्या चौदा प्रांतांतलं. वाटण खलबत्त्यात, नारळाचं दूध हाताने पिळून, भात मातीच्या भांड्यात.

मी मालवणची. तिथे बसल्यावर मला पहिल्या घासापासून ओळखीचं काहीतरी लागत होतं. हळद, नारळ, मासे, तिखट आणि एक विशिष्ट आंबटपणा. वाढणाऱ्या मुलीला विचारलं तर तिने वाळवलेल्या फळाच्या काळपट चकत्या आणून दाखवल्या. 'सोम खाएक' म्हणतात त्याला. आपल्या कोकमाच्याच कुळातलं, गार्सिनिया. दक्षिणेकडच्या आंबट रश्श्यात घालतात. 'कापी' म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून आंबवून केलेला लगदा. आपला जवळा डोळ्यांसमोर आणा. आपण तो सुकवून ठेवतो, ते आंबवतात. अरबी समुद्र इकडे, अंदमान समुद्र आणि थायलंडचं आखात तिकडे, आणि मधे सगळा पावसाळी किनारा. दोन्हीकडच्या बायकांनी हाताशी होतं त्यातून जे शोधलं ते इतकं जवळचं निघावं, याने मी खरंच हलून गेले.

एक लक्षात ठेवा. सुरुवातीला छोटे छोटे घास येतात, खेकडा वगैरे अतिशय नाजूक. पण मुख्य जेवण आपल्या ताटासारखं एकदम मांडतात. मधे भात, भोवती रस्सा, सुकं, कच्च्या भाज्या, झणझणीत चटणी. सगळ्यांनी वाटून घ्यायचं. भात कालवून एकात दुसरं मिसळत खायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. शेजारच्या टेबलावरचे युरोपियन पाहुणे एकेक वाटी वेगळी संपवत होते, त्यांना वाढणाऱ्यांनी फार प्रेमाने समजावून सांगितलं. तिखट मात्र खरं तिखट असतं.

वरणभात

सगळे फार मनापासून लिहीत आहेत, म्हणून मीही मनातला प्रश्न विचारतो. एका माणसाच्या एका जेवणाला पंधरा हजार रुपये. माझं सगळं आयुष्य बचतीत गेलं, त्यामुळे मला हा आकडा पचत नाही. तेच पदार्थ गल्लीत शंभर थाई बाथला मिळतात ना? जे फाय तर रस्त्यावरच्या दुकानातच आहे आणि तिला मिशेलिनचा तारा आहे.

सोईकर

वरणभात, प्रश्न रास्त आहे. मी स्वतः आठवड्याचे बहुतेक दिवस गल्लीतच जेवतो.

आधी जे फायबद्दल. बँकॉकचं पहिलं मिशेलिन गाइड २०१७ च्या डिसेंबरात आलं आणि त्यात महाचाय रस्त्यावरच्या या आजींना एक तारा मिळाला. डोळ्यांवर गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर त्या स्वतः कढई हलवतात. पण त्यांचं खेकड्याचं ऑम्लेट शंभर बाथचं नाही, हजाराच्या पुढे आहे. त्यात खेकड्याचं निवडलेलं मांस ठासून भरलेलं असतं आणि प्रत्येक ऑम्लेट एकच बाई करते. म्हणजे रस्त्यावरही उत्तम माल आणि हातचं काम यांची किंमत लागतेच. आणि रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो.

गल्लीतलं जेवण स्वस्त आहे कारण तो माणूस एकच पदार्थ करतो, दिवसभर तोच करतो, आणि मिळेल त्या बाजारातून माल आणतो. मोठ्या जागी एका संध्याकाळी वीस-पंचवीस पाहुण्यांसाठी तितकीच माणसं स्वयंपाकघरात राबतात. तीन-चार घासांत संपणाऱ्या पदार्थासाठी एखाद्या कोळ्याकडून ठरावीक खेकडे येतात, एखाद्या शेतकऱ्याकडून बंद होत चाललेला तांदूळ येतो. तो तांदूळ पुढच्या वर्षी पेरला जाईल की नाही हे कधीकधी या चार-पाच रेस्तराँवर अवलंबून असतं. ही किंमत प्रत्येकाने द्यावी असं नाही. पण पैसे कशाला जातात ते असं आहे.

शिवाय मधली वाटही आहे. मिशेलिनचा 'बिब गूरमाँ' नावाचा वेगळा वर्ग आहे, माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्या जागांचा. थायलंडमध्ये त्याची मर्यादा तीन पदार्थांना हजार बाथ. त्या यादीतल्या बऱ्याच जागा वातानुकूलित आणि स्वच्छ आहेत, आईवडिलांना घेऊन जाता येतं. तुम्ही कधी आलात तर मी तीच यादी हातात देईन.

वरणभात

तांदळाचं माहीत नव्हतं. आता निदान आकडा का आहे ते कळलं. बिब गूरमाँची यादी शोधतो.

पानशेत

शाकाहाराबद्दल कोणी लिहील म्हणून थांबले होते. मी पूर्ण शाकाहारी, सासूबाई जैन. आम्ही दोघी बँकॉकला राहून आलो आहोत.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की थाई स्वयंपाकात मासळी हा वेगळा पदार्थ नाही, ती मिठाच्या जागी आहे. 'नाम प्ला' म्हणजे आंबवलेल्या मासळीचं पाणी, ते बहुतेक सगळ्यात पडतं. करीच्या वाटणात कापी असते. म्हणजे हिरव्या करीतून चिकन काढून वांगी घातली तरी ती शाकाहारी होत नाही. 'नो मीट' म्हणून भागत नाही.

'जे' हा शब्द लक्षात ठेवा. चिनी बौद्ध परंपरेतलं व्रताचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि लसूण-कांदाही नाही! पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की समजायचं. दरवर्षी साधारण ऑक्टोबरात नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा याओवारात, म्हणजे चायनाटाउन, पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. कंदमुळं मात्र चालतात, त्यामुळे जैनांनी बटाटा, गाजर, मुळा वेगळं सांगावं लागतं. अंडं-दूध चालणाऱ्यांनी 'मंग्सविरत' म्हणावं, पण नाम प्ला आणि कापी नको हे शब्द उच्चारूनच सांगावं.

मोठ्या रेस्तराँमध्ये उलट सोपं जातं, कारण बुकिंगच्या वेळीच आहाराबद्दल विचारतात. ऐनवेळी टेबलावर सांगितलं तर त्यांच्याही हातात काही नसतं. वाटणं आदल्या दिवशीची असतात.

सोईकर

पानशेत यांनी माझं निम्मं काम केलं, मनापासून आभार.

चांदणीचौक, आता तुमच्या नेमक्या प्रश्नावर. दोघांनाही सारखाच आनंद मिळायला हवा. एकाला बारा पदार्थांचा सोहळा आणि दुसऱ्याला 'काहीतरी बदलून दिलेलं', असं व्हायला नको. म्हणून माझी पहिली पसंती 'गा' या रेस्तराँला.

गा गरिमा अरोरा यांचं. मुंबईत वाढल्या, सुरुवातीला पत्रकारिता केली, मग पॅरिसला ल कॉर्दों ब्लू या पाककलेच्या शाळेत शिकल्या, कोपनहेगनच्या नोमा रेस्तराँमध्ये काम केलं. बँकॉकला आल्या शेफ गगन आनंद यांच्या रेस्तराँत. मुंबईत रेस्तराँ काढायचा बेत होता, तो बारगळला आणि २०१७ मध्ये त्यांनी इथेच स्वतःचं उघडलं. २०१८ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २०२३ च्या डिसेंबरात दुसरा तारा. आता ते सुखुमवितच्या ५३ नंबरच्या सोईत, जुन्या थाई पद्धतीच्या घरात आहे. थाँग लो स्टेशनापासून जवळ.

त्यांच्याकडे शाकाहारी मेनू पूर्ण वेगळा विचार करून केलेला असतो. कच्च्या फणसाचा पदार्थ सगळ्यांना माहीत आहे. शेकलेला फणस, सोबत पोळीसारखं काही आणि लोणची-चटण्या. आपण फणसाची भाजी खाऊन वाढलो, तरी त्या फणसाने मी थक्क झालो. मांस नसल्याची आठवणही येत नाही, कारण तिथे भाजीच मुख्य आहे.

तिखटजाळ

सोईकर, तुमचं सगळं पटतं, पण इथे जरा अडखळलो. पहिल्या प्रतिसादात म्हणालात की बँकॉकमध्ये थाईच खावं. आता भारतीय शेफकडे पाठवताय. पंचविसाव्या वाढदिवसाला इतक्या लांब जाऊन पोळी-लोणचं?

सोईकर

मी लिहिलं होतं, 'याच मातीतलं'. गामध्ये येणारी फळं, भाज्या, औषधी पानं, मासे इथलेच. त्यावर होणारी प्रक्रिया भारतीय आहे. आंबवणं, फोडणी, लोणचं घालणं, तंदूर. असं जेवण मुंबईत होणार नाही, कारण ती भाजी तिथे उगवत नाही. मला ते या शहराचंच जेवण वाटतं. इथे चिनी, भारतीय, मलय, पोर्तुगीज सगळे येऊन मिसळले. थाई लोकांच्या आवडत्या अंड्याच्या पिवळ्या मिठाया, फॉय थाँग वगैरे, पोर्तुगीज वळणाच्याच आहेत. मिरचीही त्यांच्याचमार्फत आली. शुद्ध काही शोधत बसलो तर थाई जेवणातलं तिखटच निघून जाईल.

आणि बाहेरून आलेल्या शेफने हे शहर किती बदललं याचं सगळ्यात मोठं उदाहरण गगन आनंद. कोलकात्याचे. २०१० मध्ये लांगसुआन सोईत गगन उघडलं. स्पेनच्या एल बुयी या रेस्तराँमध्ये काही काळ शिकून आले होते. २०१५ ते २०१८ सलग चार वर्षं आशियाच्या यादीत पहिले. मेनूवर शब्दच नसायचे, फक्त इमोजी. २०१९ मध्ये ते बंद केलं, त्याच वर्षी सुखुमवितच्या ३१ नंबरच्या सोईत नव्याने सुरू केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिला नंबर. ओट्याभोवती मोजके पाहुणे, मोठं संगीत, शेफ स्वतः समोर उभे राहून गोष्टी सांगतात. ज्यांना नाट्य आवडतं त्यांनी जरूर जावं. तुमच्या बजेटात मात्र बसणार नाही, आणि मला वाटतं तुम्हाला एकमेकांशी बोलायचंय. तिथे शेफशी बोलणं होतं.

तिखटजाळ

मिरचीचा मुद्दा मान्य. तरी माझं मत 'ल दू' या रेस्तराँला. शेफ थितिद तास्सानाकाजोन, 'टॉन'. २०१३ पासून, चोंग नोन्सी स्टेशनाच्या जवळ. न्यूयॉर्कला शिकून आलेले, पण मेनू इथल्या ऋतूंप्रमाणे. मोठी नदीतली कोळंबी आणि कापीत परतलेला भात हा त्यांचा गाजलेला पदार्थ. कोळंबीच्या डोक्यातला केशरी गर भातात मिसळून खाल्ला की काही वेळ बोलवत नाही. २०२३ मध्ये आशियाच्या यादीत पहिला नंबर होता. आणि त्यांचंच नुसारा वाट फोजवळ आहे, आजीच्या नावाने काढलेलं. तिथे जेवण जास्त घरगुती अंगाने जातं.

निळीनदी

गच्चीचा आग्रह मी सोडते, पण वास्तू महत्त्वाची हे सोडत नाही. :) त्यासाठी पोतोंग बघा. चायनाटाउनमधली पाच मजली जुनी इमारत, शेफ पिचाया सूनतोर्नयानाकिज, म्हणजे 'पॅम', यांच्या घराण्याची. पूर्वी तिथे चिनी औषधांचं दुकान होतं. त्यांनी ती जपून दुरुस्त केली आणि २०२१ मध्ये तिथे रेस्तराँ उघडलं. जुन्या फरशा, लाकूड, औषधांच्या दुकानाच्या खुणा तशाच. जेवण थाई-चिनी, घराण्याच्या आठवणींवर रचलेलं. चौदा दिवस मुरवलेलं बदक हा मुख्य पदार्थ. २०२५ मध्ये त्यांना जगातल्या सर्वोत्तम स्त्री शेफचा मान मिळाला. मेट्रोचं वाट मंगकोन स्टेशन तिथून चालत जाण्याजोगं आहे. जेवण झाल्यावर याओवारातच्या दिव्यांखालून एक फेरी मारा.

बाई म्हणून मला आणखी एक नाव घ्यायचंच आहे. बान तेपा. चुदारी देबहाकाम, 'टॅम', यांनी आजीच्या घरात, परसात भाज्यांचा मळा करून उघडलेलं. २०२३ च्या डिसेंबरात दोन तारे. असे दोन तारे मिळवणाऱ्या त्या पहिल्या थाई स्त्री शेफ. गरिमा अरोरांनाही त्याच दिवशी दुसरा तारा मिळाला. बो सोंगविसावा, गरिमा, पॅम, टॅम... आशियातल्या दुसऱ्या कुठल्या शहरात इतक्या बायका स्वतःच्या मोठ्या रेस्तराँच्या मालकीण आणि शेफ आहेत, मला तरी सांगता येणार नाही. माझी मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला आहे. तिला मी ही नावं पाठ करायला सांगितली आहेत.

चांदणीचौक

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली आहे. दोघांनी बसून प्रत्येक प्रतिसाद वाचला. तीन शंका:

मिशेलिन आणि ही पन्नासची यादी, कोणावर विश्वास ठेवायचा? मेनूवर रकमेपुढे दोन अधिक चिन्हं असतात ती काय? आणि गा सोडून शाकाहारी माणसाला आणखी काही पर्याय?

सोईकर

मिशेलिनचे परीक्षक ओळख न सांगता येतात, बिल स्वतः भरतात आणि ताटातलं बघतात. पन्नासची यादी तीनशेहून अधिक लोकांच्या मतांवर ठरते, शेफ, लेखक, जाणते खवय्ये. त्यात वातावरण, शेफचं व्यक्तिमत्त्व, चर्चा हे सगळं येतं. मिशेलिन बँकॉकला यावं म्हणून थायलंडच्या पर्यटन खात्याने पाच वर्षांसाठी १४.४ कोटी बाथ दिले होते, त्यावर इथे वादही झाला. तरी मी दोन्ही वाचतो. ज्या जागेचं नाव दोन्हीकडे आहे तिथे निराशा होण्याची शक्यता कमी. एवढंच त्यांचं काम. पुढे तुमची जीभ.

दोन अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. एकूण १७.७ टक्के. ५,००० बाथचा मेनू ५,८८५ ला पडतो. दोघांचे ११,७७०. बाथ अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, म्हणजे तुमच्या रकमेत जेमतेम बसतं, पण वाइन सोबत घेतली तर नाही. ताऱ्यांच्या जागांचे मेनू साधारण चार हजारांपासून दहा हजार बाथपर्यंत जातात. काही ठिकाणी दुपारचा मेनू बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर तेच. बुकिंग करताना बहुतेक जण पूर्ण किंवा अर्धी रक्कम आधी घेतात आणि ऐनवेळी रद्द केलं तर परत देत नाहीत. तारीख पक्की करूनच भरा.

शाकाहारी पर्याय दोन. हाओमा, सुखुमवित ३१ मध्ये. शेफ दीपांकर खोसला. मागच्या अंगणात भाज्या, टाक्यांमध्ये मासे, त्यांच्याच पाण्यावर वाढणारी रोपं, पावसाचं पाणी साठवलेलं. पर्यावरणासाठीचा मिशेलिनचा हिरवा तारा त्यांना आहे. दुसरं इंडी, लांगसुआनला. भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ, विस्तवावर केलेले. दोन्हीकडे शाकाहारी मेनू मिळतो. मला स्वतःला हाओमा जास्त जवळचं वाटतं, पण वाढदिवसाला मी 'गा'लाच जाईन.

निघताना गाडीच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी सहा ते आठ सुखुमवित रस्ता हलत नाही. आकाशरेल्वेने स्टेशनापर्यंत, तिथून चालत किंवा सोईच्या तोंडाशी मिळेल ते वाहन. बऱ्याच जागी सगळे पाहुणे एका वेळी सुरू होतात, उशीर झाला तर पहिले घास जातात.

पानशेत

चांदणीचौक, ताईंसाठी एक सुचवते. बुकिंगच्या अर्जात 'शाकाहारी' एवढंच न लिहिता 'मासे, फिश सॉस, कोळंबीचा लगदा, ऑयस्टर सॉस, मांसाचा स्टॉक, जिलेटिन नको. अंडं व दूध चालेल' असं लिहा. दोन दिवस आधी इमेल करून पुन्हा विचारा. उत्तर नक्की येतं. आम्हाला एका ठिकाणी सासूबाईंसाठी कंदमुळं वगळून सबंध मेनू लिहून पाठवला होता, प्रत्येक पदार्थात काय आहे त्यासकट. त्या दिवशी त्या इतक्या निर्धास्तपणे जेवल्या की मलाच भरून आलं.

चांदणीचौक

ठरलं. संध्याकाळ गाची, पत्नीचा शाकाहारी मेनू, पानशेत यांनी लिहिलंय तसं शब्दशः लिहून पाठवलं. त्यांचं उत्तरही आलं. एका दुपारी ती मॉलमध्ये मैत्रिणींसाठी खरेदी करणार आहे, तेव्हा मी एकटा अक्सोर्न किंवा नाम यांपैकी जिथे दुपारचं जेवण मिळेल तिथे जाईन. पुस्तकांतल्या पाककृतींची ती गोष्ट डोक्यातून जात नाही. कोकमसरबत, सोर्न पुढच्या वेळी, मित्रांबरोबर.

सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रवासीपक्षी

धागा वर काढते. आम्ही एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा संपल्या की जातोय. मुलगा आठ वर्षांचा आहे, सगळं खातो आणि त्याला स्वयंपाकात खूप रस आहे. अशा जागी मुलांना घेतात का? १३ ते १६ एप्रिल बँकॉकमध्ये आहोत.

सोईकर

प्रवासीपक्षी, तारखा शक्य असेल तर बदला. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, थाई नववर्ष. पाण्याची धमाल बघायला मुलाला मजा येईल, पण बरीच चांगली रेस्तराँ त्या दिवसांत बंद असतात, स्वयंपाकी गावी जातात. १७ नंतर बघा.

मुलांबद्दल प्रत्येक जागेचा नियम वेगळा. ओट्यासमोर बसायच्या जागा आणि लांबलचक मेनूची रेस्तराँ बहुधा ठरावीक वयाखालच्यांना घेत नाहीत, आणि घेतलं तरी त्याचेही पूर्ण मेनूचे पैसे लागतात. आठ वर्षांच्या मुलाला तीन तास बसवणं त्याच्यावरही अन्याय. त्यापेक्षा इस्साया सयामीज क्लब बघा. १९२०च्या सुमाराचा जुना बंगला, भोवती बाग, पदार्थ हवे तसे मागवता येतात. मोकळी जागा आहे, जेवण चांगलं आहे. आणि स्वयंपाकाची आवड आहे म्हणता, तर एका सकाळी त्याला ख्लोंग तोएयच्या बाजारात घेऊन जा. मोठ्या रेस्तराँचे शेफही तिथून माल नेतात. लवकर जा, बंद बूट घाला, खाली ओलं असतं.